टर्कीबद्दल आभार कुणाचे?

मिरजेला परत आल्यापासून भेटेल तो विचारतो, "नायगारा बघितला का?" नाही बघितला. नोव्हेंबरात तिकडे थंडी असते, आणि पाणी वरून खाली पडतं हे मला इथे बसूनही माहीत आहे. मी बघितलं ते एक जेवण. त्याबद्दल कुणीच विचारत नाही, म्हणून लिहून ठेवते. ज्यांची मुलं तिकडे आहेत आणि ज्यांना नोव्हेंबर महिन्यातच रजा मिळते, त्यांना उपयोग होईल.

आधी एक सांगायला हवं. मी शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे, आणि आमच्याकडे स्नेहसंमेलन असो, बक्षीस समारंभ असो की निरोपाचा कार्यक्रम, आभारप्रदर्शन माझ्याकडे असतं. माझा आवाज गोड आहे म्हणून नव्हे, माझ्याकडून नाव राहत नाही म्हणून. नाव राहण्याचे परिणाम मला ठाऊक आहेत. मंडपवाल्याचं नाव राहिलं की पुढच्या वर्षी मंडप गळतो.

सोमवार

ॲन आर्बर हे विद्यापीठाचं गाव. माझी मुलगी केतकी तिथे पीएच.डी. करते. धातूंना तडे का जातात, हा तिचा विषय. नागपूरच्या ऋचाबरोबर ती एका म्हाताऱ्या बाईंच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. बाईंचं नाव लोइस. निवृत्त शिक्षिका, ताठ कणा, पांढरे कापलेले केस. मुली त्यांना सरळ "लोइस" अशी हाक मारतात. मला ते जमेना, म्हणून मी लोइसबाई म्हणू लागले. "बाई" हा त्यांच्या आडनावाचा भाग असावा असं त्यांना वाटलं आणि त्यांनी तो आवडीने चालवून घेतला.

पहिल्याच दिवशी बसमधून बाजारात गेलो. उतरताना प्रत्येक माणूस ड्रायव्हरला मोठ्याने थँक्यू म्हणत होता. विद्यार्थी, म्हाताऱ्या, कानात वायर घातलेली पोरं, सगळे. आपल्या एस.टी.तून उतरताना ड्रायव्हरला कुणी असं म्हणालं, तर तो आधी आपलं काही चुकलं का ते बघेल. मीही म्हटलं. ड्रायव्हर म्हणाला, "यू बेट." मी पायऱ्या उतरेपर्यंत विचार करत होते की पैज कशावर लागली.

घरी आल्यावर मी चहा केला. कप हातात घेत केतकी म्हणाली, "थँक्स, आई."

"आईला थँक्स? मी काय पोस्टमन आहे?"

"अगं, सवय झालीय. इथे सगळे म्हणतात."

"सगळ्यांना म्हण. मला नको. परकं वाटतं."

ऋचा मध्येच म्हणाली, "काकू, मग तुमचं थँक्स मी घेऊ का? मला कुणीच म्हणत नाही, भांडी मीच घासते तरी."

मंगळवार

सकाळी लोइसबाईंनी आम्हाला खाली बोलावलं. गुरुवारी त्यांच्याकडे थँक्सगिव्हिंगचं जेवण होतं, आणि त्याची कामं वाटायची होती. बटाटे त्यांच्याकडे, क्रॅनबेरीची चटणी ऋचाकडे, पाव केतकीकडे. माझ्याकडे काहीतरी भारतीय आणि गोड. कामं वाटणारी बाई मला तिथेच आवडली.

मी विचारलं, "पण हे आभार नक्की कशाचे?"

शिक्षिकेला प्रश्न विचारला की काय होतं ते आपल्याला माहीत आहे. त्यांनी बटाटे सोलता सोलता सगळं सांगितलं. पूर्वीच्या धार्मिक लोकांमध्ये आभाराचा दिवस म्हणजे जेवण नव्हतंच मुळी. तो चर्चमध्ये बसून प्रार्थना करण्याचा दिवस. संकट आलं तर उपासाचा दिवस जाहीर करायचा, संकट टळलं तर आभाराचा. समुद्रापलीकडून इथे आलेल्या लोकांचा पहिला हिवाळा फार वाईट गेला, निम्मे लोक मेले. मग इथल्या मूळ रहिवाशांनी मका कसा लावायचा ते शिकवलं, पीक आलं, आणि सगळे मिळून जेवले. पुढे यादवी युद्ध चालू असताना एका राष्ट्राध्यक्षाने सगळ्या देशासाठी हा दिवस जाहीर केला.

"युद्ध चालू असताना?" मी विचारलं.

"तेव्हाच तर गरज असते," त्या म्हणाल्या. "सगळं ठीक असताना आभार मानणं म्हणजे नुसती भरल्या पोटाची ढेकर."

हे मला पटलं. आपल्याकडेही नवं पीक आलं की पहिल्या भाताचा नैवेद्य असतोच. पण आपण देवाला आभारी आहोत असं म्हणत नाही. ताट पुढे ठेवतो, पाणी फिरवतो, काय ते त्याने समजून घ्यायचं.

मग वार पुन्हा आठवला आणि अडचण लक्षात आली. हा सण दर वर्षी गुरुवारीच येतो. मी गुरुवार पाळते. नृसिंहवाडी आमच्यापासून जवळ. बुधवारी आणि रविवारी मी कोंबडी खाते, पण गुरुवारी अंडंसुद्धा नाही. देवाचे आभार मानायला या लोकांनी वार बरोबर निवडला होता, आणि त्याच वारी टर्की, म्हणजे कोंबडीहून कितीतरी मोठा पक्षी, भाजायचं ठरवलं होतं.

जेवणघरात लोइसबाई टेबल मांडून बघत होत्या. आम्ही चौघी, त्यांच्या चर्चमधल्या एक डोरोथीबाई, म्हणजे पाच. ताटं सहा होती.

"सहावं कुणाचं?"

"माझ्या भावाचं. ग्लेनचं. तो बसत नाही."

"मग मांडता का?"

"कारण तो माझा भाऊ आहे," त्या म्हणाल्या, आणि सुरी-काट्यांचा डबा जरा जोरात बंद केला.

वर गेल्यावर मुलींनी बाकीचं सांगितलं. ग्लेन दर वर्षी टर्की भाजतो, टेबलावर आणून ठेवतो आणि प्रार्थना सुरू व्हायच्या आत बाहेर निघून जातो. आपली पिकअप सुरू करतो आणि गाडीत बसून एकटा जेवतो. काही वर्षं हे असंच चाललंय. आणि आता वसंत ऋतूत तो ॲरिझोनाला मुलाकडे कायमचा जाणार आहे.

"म्हणजे हे त्याचं लास्ट," केतकी म्हणाली. "लोइस बोलत नाही, पण तिला फार वाटतंय गं. काल तिने ती प्लेट दोनदा पुसली."

"नास्तिक आहे का तो?"

"माहीत नाही. लोइस म्हणते, तो हट्टी आहे."

बुधवार

माझं गोड ठरलं: भोपळ्याचे घारगे. डोरोथीबाई भोपळ्याचाच पाय, म्हणजे कणकेच्या वाटीत भाजलेलं गोड सारण, आणणार होत्या, म्हणजे पाहुण्यांना तुलना करता येईल. केतकीने भोपळा आणला तो डब्यात. किसलेला, शिजवलेला, डब्यात बंद. मी नाक मुरडलं, मग विचार केला, निम्मं काम कुणीतरी करून ठेवलंय, तक्रार कशाला? देशी दुकानातून गूळ आणला होता. भोपळा-गूळ आटवला, कणीक भिजवली आणि तेल तापवलं.

तिसरा घारगा तेलात सोडला आणि छताला लावलेलं यंत्र किंचाळायला लागलं.

"आग!" मी ओरडले.

"काकू, टेन्शन नका घेऊ," ऋचा टॉवेल हलवत म्हणाली. "आपण साधी भेंडी परतली तरी वाजतं ते. त्याला फोडणी समजत नाही."

खालून धाडधाड पावलं वाजली आणि दारात एक उंच, जाडजूड म्हातारा उभा राहिला. चौकड्यांचा शर्ट, टोपी, अंगाला लाकडाच्या धुराचा वास. त्याने हात वर करून यंत्रातली बॅटरी काढली, खिडकी उघडली आणि कढईत वाकून बघितलं.

"मी ग्लेन," तो म्हणाला. "हे काय आहे?"

तो मागच्या अंगणात लोखंडी पिंप मांडायला आला होता. त्या पिंपात सफरचंदाच्या लाकडाच्या धुरावर टर्की भाजायची, ही त्याची पद्धत. मी घारग्यांची माहिती दिली. त्याने ताटलीकडे हात नेला.

"ते नको. ते पहिले आहेत. हे घ्या."

"पहिल्यांना काय झालं?"

"ते देवासाठी काढून ठेवलेत."

ग्लेनने सुस्कारा सोडला. "इथेही तोच."

पण घारगा खाल्ला. मग आणखी एक. मग खुर्चीत बसला. खाणाऱ्या माणसाला बोलतं करायला वेळ लागत नाही.

"उद्या तुम्ही टेबलावर का बसत नाही?" मी विचारलं. केतकीने मागून माझा पदर ओढला. मी तो सोडवून घेतला.

"लोइसने पाठवलं का विचारायला?"

"नाही. मी ऑफिसात काम करते. मला कारण लागतं."

तो हसला. मग म्हणाला, "हे बघा. पक्षी मी आणतो. आदल्या दिवशी मिठाच्या पाण्यात मी घालतो. अंधारात उठून जाळ मी लावतो, बर्फात उभा राहून दिवसभर मी सांभाळतो. आणि टेबलावर ठेवला की माझी बहीण डोळे मिटते आणि म्हणते, हे प्रभो, या पक्ष्याबद्दल तुझे आभार. प्रभो! तो एकदाही लाकूड टाकायला आला नाही!"

ऋचा फस्सकन हसली. मी हसले नाही. मी हे प्रकरण ओळखलं. इथे आस्तिक-नास्तिकाचा काही संबंध नव्हता. हा मंडपवाला होता.

मी त्याला आमच्याकडच्या बेंदराबद्दल सांगितलं. वर्षभर राबणाऱ्या बैलांना त्या दिवशी काम नसतं. त्यांना अंघोळ घालतात, शिंगं रंगवतात, ओवाळतात आणि पुरणपोळी खायला घालतात. देव त्याच्या जागी, बैल बैलाच्या जागी.

ग्लेनने बोटांचं तेल शर्टाला पुसलं. "बैलाला पोळी मिळते," तो म्हणाला.

"मिळते."

"लोइसला सांगा. म्हणावं, मला शिंगं रंगवलेली चालतील."

संध्याकाळी लोइसबाईंबरोबर चर्चमध्ये गेले. सणाच्या आदल्या संध्याकाळी तिथे प्रार्थना असते. वेदीपुढे भोपळे, मक्याची कणसं, सफरचंदं मांडली होती. पाद्रीबाई होत्या, आणि चांगलं बोलल्या. त्या म्हणाल्या, आभार मानणं म्हणजे माझ्याजवळचं काहीच मी एकट्याने मिळवलेलं नाही, हे मोठ्याने कबूल करणं. हे वाक्य मी लक्षात ठेवलं. मग पाऊस, ऊन, पीक, आरोग्य या सगळ्यांबद्दल देवाचे आभार झाले. नंतर कॉफी होती. ती ओतणाऱ्या बाईचं नाव कुणी घेतलं नाही, हेही मी लक्षात ठेवलं.

परतताना गाडीत मी विषय काढला. "लोइसबाई, प्रार्थनेत ग्लेनचं नाव एकदा घेतलं तर?"

त्यांनी लाल दिव्याला गाडी थांबवली. "अजिबात नाही."

"का?"

"कारण मग ती ग्लेनची टर्की होते. लोइसचे बटाटे, डोरोथीचा पाय. प्रार्थना कशासाठी असते? निदान जेवणाआधी तरी यातलं काहीही आपलं नाही हे आठवावं म्हणून. प्रार्थनेत मी कुणाची पाठ थोपटणार नाही. त्याचीही नाही, माझीही नाही."

"मग प्रार्थनेबाहेर म्हणा."

"तो माझा भाऊ आहे. थँक्यू मी प्लंबरला म्हणते."

हे वाक्य मीच मिरजेत बसून बोलले असते. हिरवा दिवा लागला. थोड्या वेळाने त्या रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "तो गेल्यावर मी ते ताट मांडणार नाहीये. मांडायला कारण उरणार नाही." एवढंच.

गुरुवार

सकाळपासून बर्फ भुरभुरत होतं. ग्लेन अंगणात पिंपाशेजारी उभा होता, धुरात अर्धा दिसत, अर्धा न दिसत. मी त्याला चहा नेऊन दिला आणि माझ्या गुरुवाराचं सांगून टाकलं. शेवटच्या क्षणी सांगितलं की अपमान वाटतो.

"म्हणजे आभार त्याचे, आणि खायचं नाही असंही तोच सांगतो?"

"आजच्या दिवस. माझा वाटा काढून ठेवा. उद्या शुक्रवार आहे."

हे त्याला पटलं. त्याने माझ्यासाठी मांडीचा तुकडा कबूल केला.

लोइसबाईंनी सांगितलं होतं की प्रार्थनेनंतर प्रत्येकाने आपण कशाबद्दल आभारी आहोत ते सांगायचं. केतकीने मला वरती कोपऱ्यात घेतलं. "आई, एकच गोष्ट सांगायची असते हं. फॅमिली, हेल्थ, असं काहीतरी. बस. प्लीज."

"बरं."

"तू 'बरं' म्हणतेस तेव्हा मला भीती वाटते."

दुपारी सगळे बसले. ग्लेनने टर्की आणली. तांबूस, चकचकीत, तबकाएवढी. सगळ्यांनी "ओह" म्हटलं. त्याने ती मधोमध ठेवली, सहाव्या ताटाकडे बघितलं न बघितल्यासारखं केलं, आणि मागच्या दाराने बाहेर पडला. लोइसबाईंनी हात जोडून डोळे मिटले. प्रार्थना लहान आणि सुंदर होती. टर्कीबद्दल प्रभूचे आभार झाले. बाहेर पिकअप घुरघुरली.

मग फेरी सुरू झाली. डोरोथीबाई नव्या गुडघ्याबद्दल आभारी होत्या. ऋचा इंटर्नशिपबद्दल. केतकी म्हणाली, "माझी आई इथे आलीय त्याबद्दल." मला खोकला आला, आणि मी पाणी प्यायले. मग माझी पाळी आली. मी जाऊन मागचं दार उघडलं.

"थंडी येतेय," डोरोथीबाई म्हणाल्या.

"थोडाच वेळ," मी म्हटलं, आणि उभ्याने सुरू केलं. आमच्या शाळेचा माइक बऱ्याचदा बंद असतो, त्यामुळे माझा आवाज मैदानाच्या टोकापर्यंत पोचतो. पिकअप त्याहून जवळ होती.

इंग्रजीत बोलले, पण चाल आपलीच. सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे सर्वशक्तिमान परमेश्वर, यांनी आपल्या व्यग्र कार्यक्रमातून वेळ काढला आणि नेहमीप्रमाणे न दिसता उपस्थित राहिले, त्यांचे आभार. या भूमीचे मूळ यजमान, ज्यांनी पाहुण्यांना मका लावायला शिकवलं आणि ज्यांचे आभार पाहुण्यांनी फार लवकर मानायचे सोडले, त्यांचे आभार. बटाटे पिकवणारे, भोपळा डब्यात भरणारे, आम्हाला इथवर आणणारे बसचे ड्रायव्हर. काल धूर होताच जागं करणारं छतावरचं यंत्र. स्वतः टर्की, कारण तिच्या सहभागाशिवाय हा कार्यक्रम पारच पडला नसता.

आपल्याकडे आभार सुरू झाले की लोक चपला शोधायला लागतात. इथे सगळे काटे खाली ठेवून ऐकत होते. इतक्या लक्ष देणाऱ्या श्रोत्यांपुढे मी कधीच बोलले नव्हते. केतकीने कपाळ तळहातात धरलं होतं.

"आणि," मी आवाज चढवला, "श्रीयुत ग्लेन! ज्यांनी अंधारात उठून जाळ लावला, बर्फात उभं राहून तो राखला, आणि ज्यांच्या हातच्या टर्कीवर आपण सगळे थोड्याच वेळात तुटून पडणार आहोत, त्यांचे विशेष आभार!"

ऋचाने टाळ्या वाजवल्या. डोरोथीबाईंनीही. लोइसबाईंनी नाही, त्या मिठाच्या डबीकडे बघत होत्या. बाहेर पिकअपचं इंजिन बंद झालं. मी ज्ञात-अज्ञात सगळ्यांचे आभार मानले आणि बसले.

ग्लेन दारात आला. टोपीवर बर्फ. त्याने बुटांचे तळ पायपुसण्यावर घासले, खूप वेळ घासले.

"एक नाव राहिलं," तो म्हणाला.

"शक्य नाही."

"लोइस."

मी मनात सगळं पुन्हा मोजलं. खरंच राहिलं होतं. "अहो, पण तसं करत नाहीत," मी सांगू लागले. "आभार मानणारा यजमानांच्या वतीने बोलतो. यजमान स्वतःचे आभार कसे मानतील?"

"मग तिचे कोण मानतं?"

"कार्यक्रमात? कुणीच नाही."

ग्लेन सहाव्या ताटामागे येऊन उभा राहिला, टोपी काढली आणि दोन्ही हातांत धरली. "लोइस," तो म्हणाला, "बटाट्यांबद्दल. आणि हे ताट मांडत राहिलीस त्याबद्दल. मी गाडीत बसून खिडकीतून बघायचो ते. थँक्यू."

लोइसबाईंचे कान लाल झाले होते. मी मनातल्या मनात म्हणत होते, म्हणा बाई, आता म्हणा, दोन शब्द तर आहेत. पण त्या त्याच्याकडे बघेनात. त्यांनी पुन्हा हात जोडले, डोळे घट्ट मिटले आणि मघाच्याच प्रार्थनेच्या आवाजात म्हणाल्या,

"आणि प्रभो, ग्लेनबद्दलही तुझे आभार. त्याच्या हातांबद्दल, आणि तो इतका हट्टी असूनही तू मला तोच भाऊ दिलास त्याबद्दल. आमेन."

ग्लेन छताकडे बघत उभा राहिला.

"पत्ता चुकला," तो म्हणाला, "पण पोचलं." आणि खुर्ची ओढून बसला.